धावड्याच्या घराला कोणती खिडकी?

अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या धावड्यात कुणी घर बांधायला काढलं की आधी बोलणं होतं ते जालन्याच्या सळईच्या भावाचं, मग वाळूचं, मग स्लॅब कधी पडणार याचं. खिडकीची पाळी सगळ्यात शेवटी येते. भिंती उभ्या राहिलेल्या असतात, पैसे संपत आलेले असतात. मग भोकरदनहून किंवा सिल्लोडहून अ‍ॅल्युमिनियमवाला येतो, टेप लावून मापं घेतो आणि आठ-पंधरा दिवसांत चार बाय चारच्या सरकत्या खिडक्या बसवून जातो. काच निळसर किंवा काळी, आतून ग्रिल. कोणती खिडकी कोणत्या दिशेला आहे, तिच्यावर किती वाजता ऊन येतं, रात्री तिच्यातून वारा किती येतो, हे विचारायचं राहून जातं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्या घरातली माणसं याच राहून गेलेल्या प्रश्नाची किंमत मोजतात. कधी विजेच्या बिलात, कधी मे महिन्यातल्या जागून काढलेल्या रात्रींत.

खिडकी म्हणजे भिंतीला मुद्दाम पाडलेलं भोक. उजेड हवा, वारा हवा, बाहेरचं दिसायला हवं म्हणून आपण ते पाडतो. पण त्याच वाटेने उष्णताही ये-जा करते. कोणत्याही देशात, कोणत्याही हवामानात ही ये-जा तीनच प्रकारांनी होते. एक, ऊन काचेतून सरळ आत घुसतं. दोन, काच आणि चौकट तापून किंवा गार होऊन स्वतःच्या अंगातून उष्णता वाहून नेतात. तीन, फटींतून आणि उघड्या झडपांतून हवा जाते-येते. चांगली खिडकी कोणती, हे या तिघांतलं कोण जास्त छळतं त्यावर ठरतं. थंड देशात दुसरं आणि तिसरं जास्त छळतं. धावड्यात पहिलं.

खिडक्यांबद्दलचं जगातलं बहुतेक संशोधन थंड देशांत झालं आहे आणि दुकानातली माहितीपत्रकं त्याच भाषेत बोलतात, त्यामुळे आधी तिकडची गोष्ट समजून घेऊ. कॅनडातल्या विनिपेगसारख्या गावात जानेवारीच्या रात्री बाहेर उणे २० अंश असतात आणि घरात २० अंश ठेवायचे असतात. म्हणजे काचेच्या दोन बाजूंत ४० अंशांचा फरक. काचेतून किती उष्णता झिरपते हे सांगणाऱ्या आकड्याला यू-मूल्य म्हणतात. दोन बाजूंत एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात, तो हा आकडा. जितका लहान, तितकी खिडकी चांगली. साध्या एकेरी काचेचं यू-मूल्य ५.७ च्या आसपास असतं. चार बाय चारच्या खिडकीत काच साधारण १.२ चौरस मीटर धरली, तर त्या थंडीत एका एकेरी काचेतून पावणेतीनशे वॅट बाहेर जात राहतात, दिवसरात्र. तिकडच्या जाड उष्णतारोधक भिंतीचं यू-मूल्य ०.१५ इतकं खाली आणलेलं असतं. तेवढ्याच भिंतीतून जेमतेम सात वॅट जातात. भिंत कितीही चांगली बांधली तरी खिडकी ते सगळं वाया घालवते. शिवाय एकेरी काचेची आतली बाजू शून्याच्याही खाली जाते, घरातल्या हवेची वाफ तिच्यावर गोठते, चौकटीत पाणी मुरतं आणि लाकूड कुजतं.

म्हणून तिकडे दोन काचांमध्ये बारा ते सोळा मिलिमीटरची पोकळी ठेवून तिच्यात कोंडलेली हवा ठेवायला सुरुवात झाली. कोंडलेली, न हलणारी हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. गोधडीत ऊब धरून ठेवणारी तीच असते. हवेऐवजी आर्गॉन वायू भरला तर झिरप आणखी कमी होते. मग आली लो-ई काच. तिच्या एका पृष्ठभागावर चांदीचा इतका पातळ थर असतो की तो डोळ्यांना दिसत नाही, पण तापलेल्या वस्तूंमधून बाहेर पडणारी अदृश्य उष्णता तो परत फेकतो. साधी काच ही उष्णता शोषून पुढे सोडून देते. दोन काचा, आर्गॉन आणि लो-ई थर एवढं जमलं की यू-मूल्य १.१ ते १.४ पर्यंत येतं. तीन काचांनी ०.८ च्या खाली जातं. १९९१ साली जर्मनीत डार्मश्टाटच्या क्रानिशश्टाइन भागात वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे फार थोड्या इंधनात उबदार राहणारं घर, उभं राहिलं. त्या पद्धतीत खिडकीसाठी ०.८ हीच रेघ आखली गेली. कारण साधं आहे. तेवढी खिडकी चांगली असली की कडाक्याच्या थंडीतही तिची आतली काच गार लागत नाही आणि खिडकीखाली हीटर लावायची गरज उरत नाही.

त्या घरांत दक्षिणेच्या काचेतून ऊन मात्र जरूर आत घेतात. ते फुकटचं इंधन असतं. आपल्याकडे लडाखमध्ये फेजवळच्या सेकमोल संस्थेच्या शाळेतही हेच केलं आहे. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे भरपूर काच, आणि हिवाळ्यात सरपण न जाळता राहण्याजोगे वर्ग. तिथे खिडकीचं काम ऊन पकडून ठेवण्याचं आहे.

धावडं अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिण अंगाला आहे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तो दहा अंशांच्या आसपास येतो, शेतात पाणी द्यायला गेलेल्याला हुडहुडी भरते, पण दुपारी पुन्हा ऊन असतं. म्हणजे ज्याला शीतप्रदेश म्हणतात तो काही हा नाही. मेमधल्या दुपारी बाहेर ४२ आणि घरात ३४ अंश असतील तर फरक आठच अंशांचा. त्याच १.२ चौरस मीटर एकेरी काचेतून या फरकाने आत येते ती उष्णता पंचावन्न वॅट. आता तीच खिडकी पश्चिमेला आहे आणि चार वाजले आहेत असं धरू. उभ्या पश्चिम भिंतीवर त्या वेळी दर चौरस मीटरला सहाशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. साधी काच त्यातला सुमारे ऐंशी टक्के भाग आत सोडते. हिशेब केला तर पावणेसहाशे वॅट. झिरपणाऱ्या उष्णतेच्या दहापट.

उन्हाचा किती वाटा आत येतो हे सांगणारा आकडा म्हणजे सौर उष्णता गुणांक. दुकानात त्याला एसएचजीसी म्हणतात. साध्या काचेचा तो ०.८ च्या वर असतो. आता साध्या काचेऐवजी दोन साध्या काचांची महागडी खिडकी पश्चिमेला बसवली तर काय होईल? यू-मूल्य निम्मं होईल, झिरप पंचावन्नवरून सत्तावीस वॅटवर येईल. पण ऊन पावणेसहाशेवरून फक्त पाचशेवर येईल, कारण दोन पारदर्शक काचांचा हा गुणांकही ०.७ च्या घरात असतो. एवढा खर्च करून एकूण उष्णतेत फरक पडला जेमतेम सहावा हिस्सा. तीच पश्चिमेची खिडकी बाहेरून नीट झाकली असती तर पाचातले चार भाग उष्णता दारातच थांबली असती, तीही एकेरी काच ठेवून.

बाहेरून हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. काच उन्हाला आत येऊ देते. मात्र ते ऊन फरशीवर, गादीवर, कपाटावर पडून त्या वस्तू तापल्या की त्यांची उष्णता वेगळ्या, लांब लहरींत बाहेर पडते आणि त्या लहरींना काच अडवते. उन्हात काचा बंद करून लावलेल्या गाडीत बसताना जी धग अंगावर येते तिच्यात याचाही वाटा असतो. म्हणून आतून जाड पडदा लावून फार साधत नाही. ऊन काचेच्या आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. हलक्या रंगाचा पडदा थोडं ऊन काचेतून परत पाठवतो, गडद रंगाचा तेही करत नाही. काळ्या काचेचंही तसंच. ती ऊन शोषून स्वतः तापते. चार वाजता तिच्यावर तळहात ठेवून पाहा, फार वेळ ठेवता येत नाही. ती शोषलेली उष्णता काही बाहेर जाते, काही आत. शिवाय काळ्या काचेमुळे दिवसा खोलीत अंधार होतो आणि भरदुपारी ट्यूब लावावी लागते.

उन्हाला बाहेर अडवायचं तर ते कुठून येतं हे पाहायला हवं, आणि इथे धावड्याचा अक्षांश कामाला येतो. तो साधारण २०.४ अंश उत्तर आहे. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. २१ डिसेंबरला मात्र मध्यान्ही तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून ४६ अंशांवरच असतो. आता दक्षिण भिंतीवर चार फूट उंचीची खिडकी आणि तिच्या डोक्यावर दोन फूट पुढे आलेला छज्जा कल्पा. मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या दिवसापासून सप्टेंबरपर्यंत मध्यान्हीचं ऊन या खिडकीवर पडतच नाही. छज्ज्याची सावली तिला पूर्ण झाकते. डिसेंबरमध्ये त्याच छज्ज्याची सावली वरच्या दोन फुटांवरच थांबते आणि खालच्या निम्म्या खिडकीतून ऊन खोलीत येतं. उन्हाळ्यात बंद आणि हिवाळ्यात उघडी अशी ही व्यवस्था. तिला ना वीज लागते, ना देखभाल.

दक्षिणेला खिडकी ठेवू नये असं वास्तूच्या नावाने सांगितलं जातं आणि पुष्कळ जण ते मानतात. ज्याची श्रद्धा असेल त्याला मी काय सांगणार. पण उष्णतेच्या हिशेबाने माझं मत स्पष्ट आहे. दक्षिण ही आपल्याकडची सगळ्यात सांभाळायला सोपी दिशा आहे. हिवाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी ऊन शेकायला जी जागा लागते, ती खोलीतच मिळते.

खरी अडचण पश्चिमेची. मेमध्ये चार वाजता सूर्य चाळीसेक अंशांवर आणि पाच वाजता पंचवीसेक अंशांवर उतरलेला असतो. पाच वाजता तोच दोन फुटी छज्जा चार फुटांच्या खिडकीला वरून फक्त एक फूट सावली देतो. खालचे तीन फूट उन्हात. अशा खोलीत बसून पाहा. तीनच्या सुमाराला उन्हाचा पट्टा खिडकीखालच्या फरशीवर उतरतो, साडेचारला तो पलंगावर चढतो, सहाला समोरच्या भिंतीवर असतो. रात्री अकरालाही ती भिंत हाताला गरम लागते. अशा खोलीत कूलर लावून माणसं झोपतात आणि कूलर बरोबर नाही म्हणून त्यालाच बोल लावतात.

पश्चिमेची खिडकी नकोच, असं मात्र म्हणवत नाही. उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला वारा आपल्याकडे मुख्यतः पश्चिमेकडूनच येतो. म्हणून ती लहान ठेवावी, उंच आणि अरुंद असेल तर आणखी बरं, आणि तिला बाहेरून उघडझाप करता येणारं झाकण द्यावं. लाकडी किंवा पत्र्याची आडव्या पट्ट्यांची झडप सगळ्यात चांगली. बांबूचा चिक बाहेरच्या बाजूने लावला तरी चालतो. काहीच जमत नसेल तर शेडनेट आहे. जालना-देऊळगावराजा पट्ट्यात बियाण्यांसाठी शेडनेटची शेती गावोगाव आहे आणि जुनी नेट सहज मिळते. दोन पदर करून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, खिडकीच्या बाहेर ताणून बांधा. अंतर सोडायचं ते अशासाठी की तापलेल्या नेटची उष्णता मधल्या हवेसोबत वर निघून जावी, काचेला लागू नये. यासारखा स्वस्त आणि लगेच गुण देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. आणि जागा असेल तर पश्चिमेच्या अंगाला कडुनिंब लावा. पाच-सात वर्षांत तो खिडकीच्या उंचीच्या पुढे जातो.

पूर्वेचं ऊनही खालून येतं, पण सकाळी घर रात्रभर निवलेलं असतं, त्यामुळे ते सोसवतं. उत्तरेचा उजेड सगळ्यात शांत. मुलांच्या अभ्यासाची खोली तिकडे असावी.

आता वाऱ्याकडे वळू. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. ती मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, खेड्यातल्या घराला तिची सक्ती नाही. पण तिच्यातला एक नियम प्रत्येकाने उचलावा असा आहे. उष्ण आणि कोरड्या हवामानात घराच्या चटई क्षेत्राच्या किमान दहा टक्के एवढी जागा उघडता आली पाहिजे. उघडता आली पाहिजे, नुसती काचेची असून भागत नाही. सरकती खिडकी इथे नापास होते. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी पूर्ण सरकवली तरी निम्मीच उघडते, कारण एक पल्ला दुसऱ्यामागे जाऊन उभा राहतो. बिजागरीवर बाहेर उघडणारी खिडकी जवळजवळ पूर्ण मोकळी होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. त्याचे दहा टक्के म्हणजे अडीच चौरस मीटर, सुमारे २७ चौरस फूट. बिजागरीच्या तीन बाय साडेतीनच्या तीन खिडक्यांत ते भागतं. सरकत्या खिडक्या घेतल्या तर तेवढ्याच वाऱ्यासाठी ५४ चौरस फूट काच लावावी लागेल, आणि ती सगळी काच दुपारी ऊन आत आणेल. घरकुलाला सपाट प्रदेशात मूळ मदत १ लाख २० हजारांची. त्यात हा फरक लहान नाही.

सरकती खिडकी लोकप्रिय का झाली हेही समजण्यासारखं आहे. ती जागा अडवत नाही, वाऱ्याने आपटत नाही, मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक बसतो. पण तिच्या ट्रॅकमध्ये धूळ बसते आणि दोन वर्षांत पल्ले घासू लागतात. तिच्या कडांना रबर किंवा ब्रश असतो तो झिजला की फटींतून धूळही येते आणि लूही. बिजागरीची खिडकी चौकटीवर दाबून बसते, तिला आतून रबर लावलं तर फट राहत नाही. थंड देशांत जिथे हवाबंद खिडकी लागते तिथे याच कारणाने बाहेर किंवा आत उघडणाऱ्या खिडक्या जास्त वापरतात.

खिडकी कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सकाळी नऊ-दहाला दारं-खिडक्या लोटून घ्यायच्या, दिवस मावळला की उघडायच्या. धाब्याच्या घरात भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन हात जाड. खिडक्या लहान, कधी नुसते झरोके. छताला सवणं, म्हणजे वर उघडणारं भोक. पावसात ते झाकायचं, एरवी मोकळं. त्याने चुलीचा धूर जायचा आणि उन्हाळ्याच्या रात्री घरातली गरम हवा वर निघून जाऊन दारातून गार हवा आत ओढली जायची. आजच्या वास्तुकलेच्या पुस्तकात याला रात्रीचं वायुवीजन म्हणतात. भिंत रात्रभर निववायची आणि दिवसभर तो गारवा पुरवून वापरायचा. डोंगरापलीकडे अजिंठ्याच्या लेण्यांत मेच्या दुपारीही जो थंडावा जाणवतो, त्यामागेही तेच आहे. खूप दगड आणि थोडं तोंड.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड घरांनी हजारो जीव घेतले. त्यानंतर मराठवाड्यात मातीच्या जाड भिंतीवरचा विश्वास उडाला, आणि तो उडणं समजण्यासारखंच होतं. सिमेंट-काँक्रीटचं घर भूकंपात जास्त सुरक्षित आहे, यात शंका नाही. पण घर बदललं तेव्हा खिडकीचे जुने नियम तसेच लागू राहिले नाहीत, हे आपण ध्यानात घेतलं नाही. चार-सहा इंचांच्या विटेच्या भिंतीला आणि उघड्या स्लॅबला गारवा साठवता येत नाही. असल्या घरात दुपारी सगळं बंद केलं तर छताची उष्णता आतच कोंडते. पत्र्याच्या घरात तर बंद खिडकी म्हणजे भट्टी. म्हणून जाड भिंत असेल तर दिवसा बंद, रात्री उघडं. पत्रा किंवा उघडा स्लॅब असेल तर खिडकीला बाहेरून सावली द्यायची, पण वाऱ्याची वाट मोकळी ठेवायची, आणि आधी छताकडे बघायचं. स्लॅबला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला तर तो बराच कमी तापतो. एकमजली घरात छतातून येणारी उष्णता खिडकीपेक्षाही जास्त असते, हे खिडकीबद्दल लिहिताना सांगितलं नाही तर दिशाभूल होईल.

रात्रीची एक अडचण आहे. मेमध्ये सगळं घर गच्चीवर झोपायला जातं आणि खाली दारं-खिडक्या बंद. चोराची भीती, मांजराची, विंचू-सापाची. घर निववण्याची जी सोन्यासारखी वेळ, रात्री दहा ते पहाटे सहा, नेमकी त्याच वेळी ते कोंडलेलं असतं. याला उत्तर खिडकीच्या रचनेतच आहे. काचेचा पल्ला उघडा राहिला तरी आतून घट्ट गज आणि बारीक जाळी राहील अशी चौकट करून घ्या. प्रत्येक खोलीत समोरासमोर दोन उघड्या जागा ठेवा. दुसरी खिडकी जमत नसेल तर दाराच्या डोक्यावर, छताजवळ, दीड फुटाचं व्हेंटिलेटर. गरम हवा वरच गोळा होते, ती तिथून जाते.

कूलरचंही यातच येतं. कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, कारण पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते. पण त्याने आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट हवी. समोरची खिडकी वीतभर उघडी नसेल तर तासाभरात खोलीत दमट कोंदटपणा भरतो. आणि कूलर बसवायची जागा आधीच ठरवा. नाहीतर घरातली सगळ्यात चांगली, वाऱ्याच्या तोंडची खिडकी वर्षभर पत्र्याच्या त्या पेटीने अडवून बसते.

चौकटीबद्दल थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम उष्णता लाकडापेक्षा हजारपटीने अधिक वाहतं. थंड देशात ही फार मोठी उणीव, आपल्याकडे तेवढी नाही, तरी पश्चिमेची अ‍ॅल्युमिनियमची चौकट दुपारी चटका देते. जुन्या वाड्या-घरांची सागवानी चौकट मिळाली तर तिच्यासारखी दुसरी नाही. वाळवीपासून जपायला हवी, भिंतीत जाणाऱ्या बाजूला डांबर लावून घ्यावं. यूपीव्हीसी चौकट उष्णता कमी वाहते, फटी राहू देत नाही, पण कडक उन्हात टिकेल अशा दर्जाची आहे ना ते विचारून घ्या. चौकट कोणतीही असो, ती आणि भिंत यांमधली फट नुसत्या सिमेंटने बुजवू नका. ते सुकलं की केसासारखी भेग पडते आणि पावसाळ्यात तिथूनच ओल उतरते. बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढून घ्या.

दुहेरी काच आपल्याकडे कधीच नको असं मात्र नाही. दिवसाचे आठ-दहा तास एसी चालणारा दवाखाना, बँक, कापडाचं दुकान असेल तर ती परवडते. तेव्हा दुकानदाराला दोन आकडे लेखी मागा: यू-मूल्य आणि एसएचजीसी. उष्ण प्रदेशासाठी बनवलेल्या चांगल्या लो-ई दुहेरी काचेचा एसएचजीसी ०.३ च्या आसपास किंवा त्याखाली असतो. परदेशातल्या घरासाठी नावाजलेली, ऊन आत घेणारी लो-ई काच इथे उलटं काम करेल, कारण तिचा हा आकडा मुद्दाम ०.५ च्या वर ठेवलेला असतो. टोरंटोला राहणाऱ्या आपल्या भाच्याने तिथल्या खिडकीचं नाव सुचवलं तर त्याला हे जरूर सांगा. आकडे देता येत नसतील त्या दुकानातून साधी काचच घ्या आणि उरलेले पैसे छज्ज्यात आणि झडपेत घाला.

राहत्या घरासाठी माझा क्रम असा आहे: आधी छत, मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरचा आडोसा, मग उघडणाऱ्या खिडक्या आणि समोरासमोरची वाट, मग फटी, काचेची जात सगळ्यांत शेवटी. यातलं बरंचसं घर उभं राहिल्यावरही करता येतं. छज्जा मात्र लिंटेलबरोबरच ओतला जातो, नंतर जोडलेला तसा मजबूत होत नाही. म्हणून यंदा ज्यांचं बांधकाम निघणार आहे त्यांना एवढीच विनंती: लिंटेलची शटरिंग ठोकण्याच्या आदल्या दिवशी साइटवर स्वतः जा, पूर्व-पश्चिम बघून घ्या, आणि मिस्त्रीला दक्षिणेच्या प्रत्येक खिडकीवर पूर्ण दोन फूट छज्जा धरायला सांगा.